शाळेत आलेली गवतमशीन

६ ऑगस्ट, मंगळ.
शाळेला गवत कापायची मशीन आली. खाणवाल्या एका कंपनीने दिली. साहेबांच्या बंगल्यावर नवीन घेतली, मग जुनी आमच्या पदरात. दिसायला मात्र झोकदार. लाल रंग, चार चाकं, मागे लांब मूठ, पोटाखाली पातं. टेम्पोतून उतरेपर्यंत अर्धं डोंगरटोला गाव हजर. मुख्याध्यापकांनी नारळ थेट मशीनच्या डोक्यावर फोडला. पोचा पडला. खिचडीवाल्या शांताबाई खोबरं वेचून घेऊन गेल्या.

मशीन हवीच होती, नाही कशाला म्हणू. मैदानात गवत कंबरेला लागतंय. हापशीजवळ नाग निघून झाला, बिबट कुंपणापर्यंत येऊन गेलं असं जंगलखात्याचा गार्ड सांगून गेला. पण मी वाकून पातं पाहिलं आणि आधी लेकरं मागे सारली. दोन वर्गखोल्या, दोन शिक्षक, त्यातला एक कायम तालुक्याला मीटिंगमध्ये. म्हणजे लेकरं सांभाळायची मीच.

८ ऑगस्ट, गुरु.
तालुक्याहून मेकॅनिक येऊन शिकवून गेला. मुठीला लागून एक आडवी दांडी आहे. ती मुठीशी दाबून धरायची, दोरी ओढायची, मशीन चालू. आपली आपण पुढे जाते, ढकलावं लागत नाही. दांडी सोडली की इंजिन बंद, पातं बंद.

चालवणार कोण, तर मारोतीभाऊ. शाळा समितीने ठरवलं. जन्म बैलांमागे गेला, गुडघे गेले म्हणून पोरांनी जोडी विकून टाकली, तेव्हापासून माणूस नुसता पारावर बसून. दांडीचं ऐकून खूश. "म्हंजे कासरा सोडला का उभा राह्यते. शहाना आहे!" मशीनच्या पाठीवर थाप मारली.

आणि मग नातीला उचलून इंजिनवर बसवली. छकुली, वय चार. आई धानाच्या रोवणीला जाते म्हणून ही दिवसभर आजोबांचं शेपूट.

मी ओरडले. माझा आवाज बराच मोठा आहे, मलाच आज कळलं.
"बाई, बैलाच्या पाठीवर बसूनच मोठी झाली थे."
"हा बैल नाही, मारोतीभाऊ."
"नाई ना. बैल लाथ मारते. हे तं गरीब आहे."

१० ऑगस्ट, शनि.
पालकसभा घेतली. मशीन चालू असताना सगळी लेकरं वर्गात, दाराला कडी. पायात चप्पल. मशीनवर बसायचं नाही, बंद असली तरी नाही. आधी मैदानातले दगड वेचायचे, कारण पात्याखाली आलेला दगड गोळीसारखा सुटतो. हे सगळं मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं.

सभा संपल्यावर एक आजी उभ्या राहिल्या. "बाई, आमचे लेकरं मोहं वेचाले जंगलात जातेत. वाघ कुठी बसला त्यायले वासानं समजते. अन् तुमी या डब्ब्याले भेऊन राह्यल्या?"
सगळे हसले. मु.अ. पण हसले.
मी म्हटलं, वाघ निदान पोट भरलेलं असलं तर सोडतो. त्यावर आणखी हसले. वरोऱ्याची बाई आहे, कापसातली, हिला जंगल काय समजते, असं एकूण.

१३ ऑगस्ट, मंगळ.
दगड वेचणीचा प्रयोग यशस्वी. नको तितका. मोहफुलं वेचणारे हात ते, टोपल्या घेऊन आले आणि मैदान चाटूनपुसून साफ. मी खुशीत येऊन प्रत्येकाला चॉकलेट दिलं. दुपारी पाहते तर तिसरीची पोरं टोपलीतले दगड परत मैदानात टाकून राह्यलेली.
"काऊन रे?"
"उद्या पुन्हा वेचू ना, बाई."

(मी पण आता राह्यली-राह्यलो लिहायला लागले. आईने वाचलं तर रागावेल.)

१४ ऑगस्ट, बुध.
झेंड्यासाठी पहिली कापणी. लेकरं वर्गात, कडी लावली, मी दाराला पाठ लावून उभी. मारोतीभाऊ मैदानात. "हो... हो... हट... वळ रे बाबा." वळते कसली, मूठ धरून वळवावी लागते, पण बोलणं चालू. गवत सपासप आडवं. खोटं कशाला बोलू, बघायला छान वाटलं. ओल्या गवताचा वास सगळ्या वर्गात.

मग एक राहिलेला दगड सुटला. व्हरांडा ओलांडून शांताबाईंच्या चुलीवर उकळत्या खिचडीच्या गंजात. टणकन आवाज, आणि शांताबाईंच्या तोंडावर हळदीचे ठिपके. त्यांना आधी वाटलं कुकर फुटला. मग लक्षात आलं आपल्याकडे कुकरच नाही.

त्या जागी एखादं डोकं असतं तर? हे मी बोलून दाखवलं. मारोतीभाऊ म्हणाले, "नव्हतं ना पन." शांताबाई म्हणाल्या, "माहं होतं ना!" आजपासून शांताबाई माझ्या पक्षात.

१७ ऑगस्ट, शनि.
आज माझ्या डोक्याने माझाच घात केला. म्हटलं, सांगून समजत नाही तर दाखवावं. सगळ्यांना कुंपणाबाहेर उभं केलं. मैदानाच्या मधोमध एक चांगला हातभर दुधी भोपळा ठेवला. म्हटलं, हा पाय समजा. मारोतीभाऊंनी मशीन त्याच्यावरून नेली.

भोपळा होत्याचा नव्हता झाला. पांढरा चोथा मु.अ.च्या इस्त्रीच्या शर्टापर्यंत.

शांतता पसरेल असं मला वाटलं होतं. टाळ्या पडल्या. शिट्ट्या. मागून कोणीतरी, "बाई, आता कोहळा!" एकजण घरी पळाला आणि काकड्या घेऊन आला. शांताबाई तेवढ्या गप्प होत्या, मला वाटलं त्यांना भिडलं. जवळ येऊन म्हणाल्या, "इतली भाजी वाया घातली, बाई. दोन घरचं जेवन झालं असतं."

छकुली मात्र रडली. भोपळ्यासाठी. निदान एकीला तरी काही वाटलं.

२१ ऑगस्ट, बुध.
मधल्या सुट्टीत नवीन खेळ. मशीन-मशीन. एकजण घर्रर्र करत पळतो, बाकीचे गवत. ज्याला शिवलं तो कापला गेला, आडवा पडतो. छकुली शाळेत दाखल नाही, तरी खेळात आहे. तिला कापलेलं आवडतच नाही. ती मशीनच्या समोर उभी राहून हात पसरते आणि ओरडते, "उभा!" आणि मोठी पोरं, हसत हसत, थांबतात.

मी खेळ बंद केला. म्हटलं, मशीन आली की पळायचं, समोर उभं राहायचं नाही. छकुलीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच बह्याड आहे.

२८ ऑगस्ट, बुध.
दोन कापण्या बिनबोभाट झाल्या. घंटा दिली की लेकरं आत, मोजणी, कडी. छकुली दोन्ही वेळा माझ्या कडेवर. जड आहे. आजोबा मशीन बंद करून हात वर करतात, मग मी कडी काढते. बसलं आता अंगवळणी, असं वाटतंय.

केंद्रप्रमुख येऊन गेले, म्हणाले, मॅडम, तुम्ही जरा जास्तच करता. मनात म्हटलं, तुमच्या पोराला आणा आणि सोडा मैदानात. तोंडाने म्हटलं, हो सर.

३१ ऑगस्ट, शनि.
पोळ्याच्या सुट्टीसाठी वरोऱ्याला निघाले. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी परत येईन. शाळेच्या मैदानातच भरणार आहे, लेकरं आपापले लाकडी नंदी सजवून आणणार. मारोतीभाऊ विचारत होते, मशीनले पन पोळ्यात उभी करू का? मी म्हटलं, बंद असेल तर करा. लेकरांपासून लांब. वचन घेतलं. स्टोअररूमची किल्ली पण सोपवली.

एवढा आनंद झाला त्यांना की मलाच बरं वाटलं. जोडी गेल्यापासून पोळ्याच्या दिवशी घराबाहेर पडले नव्हते म्हणे.

३ सप्टें., मंगळ. तान्हा पोळा.
लिहूनच टाकते.

सकाळी आले तर मैदानात नंद्यांची रांग, आंब्याच्या पानांचं तोरण, आणि रांगेच्या टोकाला मशीन. अंगावर झूल. डोक्यावर बाशिंग, बेगडाचं. घुंगरं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांद शेकतात तसं मुठीला तूप-हळद चोपडलेलं. नवा कासरा. आणि मुठीला लाल-पिवळी नवी दोरी, आवळून आवळून गुंडाळलेली. "वेसन आहे, बाई," मारोतीभाऊ म्हणाले. "बिनावेसनीचा बैल पोळ्यात आनत नाई." मी म्हटलं, छान दिसते. फोटोसुद्धा काढला.

तोरण तोडलं. पोळा फुटला. बक्षिसं झाली. मग मु.अ. म्हणाले, एकदा चालू करून दाखवा भाऊ, पाहुण्यांसोबत फोटो घेऊ.

मी "नाही" म्हटलं. दोनदा म्हटलं. वाजंत्री चालू होती.

मारोतीभाऊंनी इंजिनची दोरी ओढली. मशीन सुरू झाली आणि चालू लागली. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. ते निवांत उभे. त्यांना खात्री, आपण धरलंच नाही म्हणजे थांबणार. पण ती आडवी दांडी तर वेसणीने मुठीशी जखडलेली. थांबायचं कसं तिने?

घुंगरं वाजवत निघाली मैदानातून. कासरा मागे लोळत.

आणि लेकरं पळाली. मला वाटलं वर्गाकडे पळतील. इतकी घंटा, इतकी मोजणी, इतकं ओरडणं. सगळी मशीनकडे पळाली! बैल सुटला की इथल्या लेकराने काय करायचं हे त्याला चालायला लागल्यापासून माहीत असतं. धावायचं आणि कासरा धरायचा.

सगळ्यात जवळ छकुली. तिने धरला.

टाचा रोवल्या मातीत, अगदी मोठ्या माणसासारख्या. कासरा एका बाजूला बांधलेला, ओढल्याबरोबर मशीन वळली. तिच्याकडेच. तिने कासरा सोडला. आणि पळाली नाही. दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"उभा!"

मी कशी पोचले माहीत नाही. फ्रॉक हाताला लागला, ओढली, दोघी पडलो. तिची एक चप्पल तिथेच राहिली. मशीन चपलेवरून गेली. चपलेचा तुकडा प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर पडला, त्यांना वाटलं हार घातला, त्यांनी हात जोडले.

मग मशीन कुंपणाच्या फटीतून बाहेर, शेताच्या धुऱ्यावरून खाली, धानाच्या बांधीत. चिखलात दोनदा खोकली आणि बंद.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी छकुलीचे दोन्ही पाय हातात घेऊन बोटं मोजत बसले. परत परत. रडत होते. ती म्हणाली, "बाई, माही चप्पल."

४ सप्टें., बुध.
मशीन बांधीतून काढली, स्टोअररूममध्ये टाकली, कुलूप. किल्ली आता माझ्याच गळ्यात, मंगळसूत्राला. वेसण कात्रीने कापली मी.

मु.अ.नी वरती कळवलं, तान्हा पोळा उत्साहात पार पडला. गावात म्हणतात बैल बुजाडला. वाजंत्रीला बुजाडला म्हणे. शांताबाई म्हणाल्या नजर लागली, इतकी सजवलेली होती. मिरच्या-मीठ घेऊन आल्या मशीनची नजर काढायला. मी म्हटलं काढा. चुलीत टाकलेल्या मिरच्यांचा वास सुद्धा आला नाही, त्या म्हणाल्या पाहा, किती लागली होती.

काल काय होता होता राहिलं ते एकालाही दिसलं नाही का? पाहुण्यांनी हात जोडले हेच सगळे सांगत सुटलेत. मला पण हसू येतं ते आठवून, आणि मग माझाच राग येतो.

६ सप्टें., शुक्र.
मारोतीभाऊ दिसले नाहीत. छकुलीची आई येऊन गेली, बांधीचा चिखल पायाला तसाच. मला वाटलं भांडेल. पदराखालून उरलेली एक चप्पल काढली. "बाई, हिचं का करू? फेकू वाटत नाई, ठेवू वाटत नाई."
मी म्हटलं, माझ्याकडे द्या. टेबलाच्या खणात ठेवली. मला तरी कुठे कळतंय काय करायचं.

१० सप्टें., मंगळ.
मारोतीभाऊ आले. दाढी वाढलेली. छकुली मागे, नव्या चपला, उलट्या घातलेल्या. दोघांना बिस्किटं दिली. छकुलीने खाल्ली.

त्यांनी आपली पण तिलाच दिली. मग म्हणाले, "बाई, जनम बैलायमांगं गेला माहा. धुऱ्यावर लेकरू झोपलं असन ना, तं बैल पाय उचलून पलीकडे ठेवते. लेकरू समोर उभं राह्यलं तं थांबते. हाकललं तरी थांबते. म्हनून म्या कधी पाह्यलंच नाई समोर. बैलच पाहे."

मी पाण्याचा पेला पुढे केला, त्यांनी तो बाजूला ठेवला.

"याले डोयेच नाईत, बाई. म्या याले बाशिंग बांधलं, डोये कुठी आहेत पाह्यलंच नाई."

एवढ्या दिवसांत फळा, भोपळा, सभा करून मला जे सांगता आलं नाही ते हेच होतं. पण ऐकताना बरं नाही वाटलं. छकुली बिस्किट चावता चावता थांबून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

१२ सप्टें., गुरु.
पाऊस, आणि गवत पुन्हा गुडघ्यापर्यंत. व्हरांड्याच्या पायरीवर सापाची कात सापडली. समिती म्हणते मशीन काढा. मु.अ. म्हणतात, मॅडम, आता तुम्हीच बघा, मला मीटिंग आहे.

ठरवलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली, लेकरं घरी गेली, की मी स्वतः चालवणार. मेकॅनिकला फोन लावून सगळं पुन्हा विचारलं. मारोतीभाऊ मशीनला हात लावणार नाहीत. फाटकापाशी उभे राहतील, एकही लेकरू आत येऊ द्यायचं नाही. म्हणाले, "मी पाहीन, बाई. आता मीच पाहीन." भीती वाटते आहे, पण आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासोबत घाबरलेलं आहे. शांताबाईंनी गंजावर परात झाकायचं कबूल केलं.

१४ सप्टें., शनि.
लेकरं गेली. मोजून घालवली. मारोतीभाऊ फाटकापाशी. मी गळ्यातली किल्ली काढून स्टोअररूम उघडली. कुलूप जसंच्या तसं होतं.

मशीनच्या तोंडावर दोन डोळे. पांढऱ्या खडूने काढलेले, मोठाले, पापण्यांसकट. एक जरा वर, एक खाली.

खडूचा तुकडा खाली पात्याला टेकून पडलेला. काढायला मला पालथं झोपून हात आत घालावा लागला.

खिडकीचा एक गज गंजून वाकलाय. माझं डोकं जात नाही, दुसरीच्या पोरांचं जाणार नाही. मारोतीभाऊंना हाक मारली. त्यांनी फटीत वीत धरून पाहिली आणि तिथेच खाली बसले.

गवत आज कापलं नाही. गज बदलायला माणूस सोमवारी येतो म्हणाला. तोवर खिडकीला बेंच लावलाय.

संध्याकाळी छकुलीच्या घरी गेले. ओरडायचं नाही असं रस्ताभर ठरवत गेले. ती अंगणात बसली होती, बोटं अजून पांढरी. मला पाहून पळत आली, एवढी खूश.

"बाई, आता त्याले मी दिसते ना?"